साडेतीन तास

शनिवार, २३ जून १८९४

दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदरात एका बेकरीवर सांते जेरोनिमो काझेरिओ नावाचा वीस वर्षांचा इटालियन पोरगा कामाला होता. त्या दिवशी त्याचं मालकाशी वाजलं. हिशेबाचे वीस फ्रँक घेऊन तो बाहेर पडला, त्यातल्या पाच फ्रँकचा एक खंजीर विकत घेतला आणि स्टेशन गाठलं.

राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्योंच्या मोठ्या प्रदर्शनाला येणार, हे वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं. कार्नो छप्पन वर्षांचे, पेशानं इंजिनिअर, क्रांतिकाळातल्या लाझार कार्नोंचे नातू. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ज्यांचं ‘कार्नो चक्र’ आपण घोकलं, ते यांचे काका. पुतण्याला नाव काकांचंच मिळालं आणि काकांना ते शिराजच्या सादी या फारसी कवीवरून. असा सभ्य, जरा ताठ गृहस्थ एका बेकरी-कामगाराच्या डोळ्यांवर का यावा? डिसेंबर १८९३मध्ये ऑग्यूस्त व्हायाँ या अराजकवाद्यानं फ्रान्सच्या संसदेत बाँब फेकला होता. त्यात कोणी मेलं नाही, तरी फेब्रुवारीत व्हायाँचं मुंडकं गिलोटिनखाली गेलं. त्याला माफी द्यायला कार्नोंनी नकार दिला होता. काझेरिओच्या लेखी हिशेब तेवढाच होता.

रविवार, २४ जून, दिवसभर

गाड्या बदलत काझेरिओ उत्तरेकडे सरकत राहिला. पैसे पुरेनात, म्हणून तिकीट ल्योंच्या अलीकडच्या व्हिएन गावापर्यंतच काढलं आणि उरलेले पंचवीस-तीस किलोमीटर तो पायी चालला. खंजीर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. त्या वर्षी फ्रान्सचे पोलीस अराजकवाद्यांच्या मागावर होते, घरांच्या झडत्या होत होत्या, याद्या होत होत्या. रस्त्यानं चालणारा हा पोरगा मात्र कोणाच्या नजरेत भरला नाही.

ल्योंमध्ये संध्याकाळी मेजवानी होती. जेवण झालं, कार्नोंचं भाषण झालं. आता बग्गीतून ग्रां-तेआत्र या नाट्यगृहात जायचं होतं. तिथं खास खेळ ठेवलेला होता. रस्त्यावर रोषणाई आणि तोबा गर्दी. लोकांना जवळ येऊ द्या, असं कार्नोंनीच बंदोबस्ताच्या मंडळींना सुचवलं होतं.

रात्री नऊ वाजून काही मिनिटं

र्‍यू द ला रेप्युब्लिक या हमरस्त्यावर बग्गी वळली. गर्दीतून एक तरुण पुढं आला. हातात कागद दिसत होता. कोणाला वाटलं अर्ज असेल, कोणाला वाटलं फुलं असतील. त्यानं एका हातानं बग्गीची कड धरली, स्वतःला वर उचललं आणि दुसऱ्या हातानं वार केला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. खंजीर जखमेतच सोडून आपण मागं सरलो, असं काझेरिओनं पुढं न्यायालयात सांगितलं. खंजीर तिथं फार वेळ राहिला नाही.

पोटात घुसलेलं हत्यार उपसू नका, हे आज प्रथमोपचाराच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. पातं ज्या शिरेतून आरपार गेलेलं असतं, तीच शीर ते काही काळ दाबूनही ठेवतं. बाहेर काढलं की बूच निघालं. १८९४च्या त्या बग्गीत हे कोणाला सुचण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल. बरोबरच्यांना काही क्षण तर हेही कळलं नव्हतं की मारलाय तो ठोसा नाही.

नऊ ते साडेनऊ

बग्गीत शेजारी ल्योंचे महापौर बसलेले होते: अँत्वान गायतों. योगायोग असा की ते स्वतः डॉक्टर. त्यातही त्यांचा विषय त्वचारोग आणि गुप्तरोग. कार्नो मागं कलले, चेहरा पांढरा पडला. गायतोंनी कपडे सोडवून पाहिलं तेव्हा उजव्या बरगड्यांच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर एक चीर होती. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. कोटाच्या बटणाएवढी म्हणा.

पोटावरचा वार म्हटलं की मराठी माणसाला प्रतापगड आठवतो, कोथळा बाहेर आलेला. तसं झालं असेल तर सर्जनला निदान ठरवायला वेळ लागत नाही: आतडं बाहेर दिसतंय, चला ऑपरेशनला. फसवते ती अशी बटणाएवढी चीर. तिच्यामागं पातं दोन सेंटिमीटर गेलंय की बारा, सरळ गेलंय की तिरकं, हे कातडीवर लिहिलेलं नसतं. पोटाच्या पोकळीत काही लिटर रक्त बिनबोभाट मावतं, आणि बाहेर रुमालभरही दिसत नाही.

म्हणून अशा वेळी जखमेआधी माणसाकडं पाहायचं असतं. कार्नो पांढरे पडले होते, शुद्ध हरपत होती. एवढंच पुरेसं होतं. धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी वरवर फारसं काही दिसत नाही. नाडी थोडी पळते इतकंच. दीड लिटरपर्यंत हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो, तरी रक्तदाब तग धरून असतो. त्याच्या पुढं गेलं की सगळं एकदम कोसळतं. रक्तदाब पडलेला दिसतो तेव्हा रक्त जायला सुरुवात होत नसते, बरंचसं जाऊन चुकलेलं असतं. अर्थात, कार्नोंचा रक्तदाब कोणी मोजला नाही, कारण दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचं रीवा-रोत्चीचं यंत्र यायला अजून दोन वर्षं होती. क्ष-किरणांना दीड वर्ष होतं. रक्तगटांना सहा-सात. त्या रात्री डॉक्टरांच्या हाताशी मनगटावरची तीन बोटं होती आणि डोळे होते.

बग्गी वळली ती ऱ्होन नदीच्या पलीकडं, प्रीफेक्टच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाधिकाऱ्याच्या, निवासस्थानाकडं. ल्योंचं शेकडो वर्षांचं जुनं इस्पितळ, ओतेल-द्यू, नदीच्या अलीकडंच होतं, त्या हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या काळी इस्पितळ गोरगरिबांसाठी असे. मोठ्या माणसाचं आजारपण, बाळंतपण आणि ऑपरेशनसुद्धा घरी होई. राष्ट्राध्यक्षांना पलंग मिळाला तो सरकारी वाड्यातला.

तिकडं नाट्यगृहात लोक वाट पाहत बसले होते. प्रीफेक्ट रिव्हो यांनी जाऊन बातमी सांगितली आणि नाट्यगृह रिकामं झालं.

मृत्यूला तीन तास

पलंगाभोवती जमलेली नावं सामान्य नव्हती. हाडांच्या शस्त्रक्रियेतला त्या काळचा मोठा माणूस लेओपोल्द ओलिए ल्योंचाच. आणि अँतोनँ पाँसे, विद्यापीठातले शल्यचिकित्सेचे प्राध्यापक. त्या शहरात यापेक्षा चांगले हात मिळाले नसते.

त्यांच्यापुढं जो प्रश्न होता तो त्या दशकात फ्रान्समधले सर्जन हिरिरीनं भांडत होते तोच: पोटात आरपार जखम झाली तर उघडायचं की हात लावायचा नाही? जंतुनाशक शस्त्रक्रियेला पंचवीस-तीस वर्षं झाली होती, पोट उघडून माणूस जगू शकतो हे सिद्ध झालं होतं. त्यामुळं तरुण सर्जनांचा कल उघडण्याकडं. विरुद्ध बाजूला पॅरिसचे पॉल रेक्ल्यू. बऱ्याच जखमा निसर्ग आतून स्वतःच बुजवतो, तुम्ही उघडून उलट घात करता, असं त्यांचं म्हणणं; ते त्यांनी प्रयोगांच्या आणि प्रकरणांच्या आधारानं मांडलं होतं. गंमत बघा, या पॉल रेक्ल्यूंचे थोरले भाऊ एलिझे रेक्ल्यू हे जगप्रसिद्ध भूगोलकार आणि अराजकवादाचे नामवंत पुरस्कर्ते. इतिहास कधीकधी अशी नाती जुळवतो की कादंबरीकारानं जुळवली असती तर आपण नाकं मुरडली असती.

पुढची पासष्ट-सत्तर वर्षं हा लंबक इकडून तिकडं फिरत राहिला. बोअर युद्धात (१८९९-१९०२) इंग्रज सर्जनांनी पाहिलं की पोटात गोळी लागलेला सैनिक ऑपरेशन केल्यावर मरतो आणि तसाच पडू दिला तर पुष्कळदा वाचतो. त्यांनी हात आखडता घेतला. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात व्हेरा गेद्रॉइट्स या रशियन सर्जनबाईंनी आघाडीजवळ रेल्वेच्या डब्यात ऑपरेशन थिएटर थाटलं आणि लवकर आलेल्या जखमींची पोटं उघडली. त्यांचे रुग्ण जगले. दोघंही खरं सांगत होते. फरक होता वेळेचा. दक्षिण आफ्रिकेच्या माळावर बैलगाडीतून दीड दिवसानं आलेला जखमी आणि तीन तासांत आलेला जखमी, दोघांना एकच नियम कसा लागावा? पहिल्या महायुद्धात हे सर्वांच्या गळी उतरलं, आणि मग पोटात भोक दिसलं की उघडा असा फतवाच निघाला. तो दुसऱ्या महायुद्धातून नागरी इस्पितळांत आला आणि ठाण मांडून बसला.

पाँसेंनी उघडायचं ठरवलं. हा निर्णय योग्य होता, आणि आजच्या कसोटीवरही योग्यच ठरतो. वार झालेला माणूस रक्तस्रावानं कोलमडत असेल तर आज सीटी स्कॅनच्या बोगद्यातही त्याला घालत नाहीत. कॅज्युअल्टीतून सरळ ऑपरेशन टेबलावर. फार तर पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून रक्त दिसतं का एवढं बघतील, तेही हातातलं काम न थांबवता. पोट लाकडासारखं कडक झालं असेल, हात लावताच रुग्ण विव्हळत असेल, आतडं बाहेर आलं असेल, पातं अजून आत रुतलेलं असेल, तरीही विचार करत बसायचं कारण नसतं. वाद उरतो तो यांपैकी काहीच नसलेल्या, शांतपणे बोलणाऱ्या, पोट मऊ असलेल्या माणसाबद्दल. कार्नो त्यांतले नव्हते.

मृत्यूला तीन तासांहून कमी

पाँसेंनी जखम मोठी केली. यकृत कापलेलं होतं आणि खोलातून रक्त येत होतं. तिथं त्यांनी कापड ठासून भरलं.

हे वाचून ‘काय हा अडाणी उपाय’ असं वाटेल, म्हणून थांबून सांगतो. यकृत ओल्या स्पंजसारखं असतं. टाका घातला की फाटतं. दाबून भरणं हा आजही यकृताच्या मोठ्या जखमेवरचा पहिला इलाज आहे. १९९३पासून तर त्याला ‘डॅमेज कंट्रोल’ असं रीतसर नाव मिळालंय: रक्त थांबेल इतकंच करा, पोट तात्पुरतं झाका, रुग्णाला ऊब द्या, रक्त भरा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जा. पाँसेंच्या हातून सुटलं ते दुसरंच. रक्त नुसत्या यकृतातून येत नव्हतं. यकृताच्या मागं, खाली, बोटभर जाडीची पोर्टल शीर उघडी पडली होती. आतडी, प्लीहा, जठर यांतलं सगळं रक्त या एका शिरेतून यकृताकडं जातं, मिनिटाला लिटरभर.

मग कार्नो दहा मिनिटांत का गेले नाहीत? कारण ती शीर आहे, धमनी नाही. तिच्यातला दाब अगदी कमी असतो, धमनीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. भोवती रक्त साचलं, गुठळी झाली, रक्तदाब उतरला की गळती मंदावते. पाँसेंच्या कापडानंही दाब दिलाच असणार. निसर्गानं त्या खोलीला साडेतीन तास दिले होते. त्या साडेतीन तासांत करायचं काय, हे जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

अगदीच कोणाला नाही असं म्हणता येत नाही. १८७७मध्ये निकोलाय एक्क या रशियन सर्जननं कुत्र्याची पोर्टल शीर शेजारच्या महाशिरेला टाके घालून जोडून दाखवली होती. पण ते प्रयोगशाळेतलं काम. सर्जनच्या रोजच्या हातातलं नव्हे. माणसाची मोठी शीर कापली गेली की ती बांधून टाकायची, एवढंच सर्वसाधारण सर्जन जाणत होता. आणि बांधण्यासाठी आधी ती दिसायला हवी. रक्तानं भरलेल्या खड्ड्याच्या तळाशी, तेही रात्रीच्या उजेडात.

मध्यरात्र

नाडी हाताला लागेनाशी झाली. ल्योंचे आर्चबिशप कूलिए आले, धर्मविधी झाले. बाहेर रस्त्यावर बातमी पसरली होती की मारेकरी इटालियन आहे. इटालियन लोकांची दुकानं आणि कॅफे फुटायला लागले होते.

पाऊण वाजण्याच्या सुमारास कार्नो गेले.

२५ जून

पॅरिसहून रातोरात निघालेल्या त्यांच्या पत्नी सकाळी पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. शवविच्छेदन न्यायवैद्यकातले नामांकित प्राध्यापक अलेक्झांद्र लाकासाञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. शरीरात पात्याचा मार्ग अकरा ते बारा सेंटिमीटर. यकृताचा डावा खंड भेदलेला. पोर्टल शीर दोन ठिकाणी उघडी, म्हणजे पातं तिच्या आरपार गेलेलं. निष्कर्ष असा की पोटातला हा रक्तस्राव जीवघेणाच ठरणार होता.

काझेरिओवर ऑगस्टच्या आरंभी खटला चालला आणि १६ ऑगस्टला ल्योंमध्येच त्याचा शिरच्छेद झाला. वारापासून गिलोटिनपर्यंत आठवडे पुरते आठही नाहीत.

त्यानंतर

त्याच ल्योंमध्ये काझेरिओच्याच वयाचा, १८७३मध्येच जन्मलेला, आणखी एक तरुण होता: आलेक्सी कारेल, वैद्यकाचा विद्यार्थी. ‘जीवघेणाच’ हा शब्द त्याला पटला नाही. शीर शिवता आली असती तर राष्ट्राध्यक्ष वाचले असते, असं तो बोलून दाखवू लागला. प्राध्यापकमंडळींना ते फारसं रुचलं नसणार. कारेल ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. ल्यों रेशमाचं आणि भरतकामाचं शहर. तो मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडं सुई चालवायला शिकला. अतिशय बारीक सुया, रेशमाचे धागे, आणि कापलेल्या नळीच्या तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन तिचा त्रिकोण ताणायचा, म्हणजे गोल कड सरळ रेषेसारखी शिवता येते. ही युक्ती त्यानं १९०२मध्ये ल्योंच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढं तो अमेरिकेला गेला, आणि १९१२चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. आज मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण, बायपास, डायलिसिसचा फिस्टुला, सगळं त्या त्रिकोणावर उभं आहे. (म्हाताऱ्या कारेलचे वंशशुद्धीचे विचार वाचवत नाहीत, हेही इथंच नोंदवतो. हात सोन्याचे होते.)

दुसरी गोष्ट १९०८ची, ग्लासगोची. जेम्स हॉगार्थ प्रिंगल या सर्जननं लिहिलं की फाटलेल्या यकृतातून रक्त उसळत असेल तर यकृताकडं जाणारा रक्तवाहिन्यांचा जुडगा दोन बोटांच्या चिमटीत धरा. रक्त थांबतं आणि आत काय झालंय ते दिसतं. या चिमटीला ना यंत्र लागतं ना औषध. पाँसेंच्या बोटांनाही ती जमली असती. चौदा वर्षांनी उशीर झाला.

उरला मूळ वाद. १९६०मध्ये ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी हॉस्पिटलच्या जेराल्ड शाफ्टन यांनी उघड विचारलं: पोटावर भोक आहे म्हणून उघडायचं, की रुग्ण तसं सांगतोय म्हणून? सुरीच्या वारांचा ढोबळ हिशेब असा आहे की तीनांतला एक वार पोटाच्या पोकळीत पोचतच नाही. एक पोचतो पण शिवण्याजोगं काही कापत नाही. ऑपरेशन खरोखर लागतं ते तिसऱ्याला. मग पहिल्या दोघांची पोटं छातीपासून बेंबीखाली विनाकारण का फाडायची? ऑपरेशनही फुकट मिळत नाही. जखम पिकते, हर्निया होतो, आतडी चिकटून वर्षानुवर्षं त्रास देतात.

उत्तर सगळ्यांत ठळकपणे आलं ते जोहान्सबर्गच्या बॅरॅग्वानाथ हॉस्पिटलातून, जिथं शनिवारी रात्री भोसकलेल्या माणसांची रांग लागते. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत पोटावर पुढून वार झालेले ६५१ रुग्ण होते. त्यांतल्या ३०६ जणांच्या पोटात काही विशेष लक्षणं नव्हती. त्यांना नुसतं दाखल करून पुन्हा पुन्हा तपासलं. पुढं ऑपरेशन लागलं ते फक्त ११ जणांना, आणि या ३०६ जणांत मृत्यू एकही नाही.

‘पुन्हा पुन्हा तपासलं’ हे शब्द घाईत वाचून सोडू नयेत. थांबणं म्हणजे वॉर्डात टाकून घरी जाणं नव्हे. दर थोड्या तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरनं, तोच हात त्याच पोटावर ठेवायचा. नाडी, ताप, पांढऱ्या पेशी पाहायच्या. निदान चोवीस तास. फुटलेल्या आतड्यातली घाण पसरायला वेळ लागतो आणि पोट कडक व्हायलाही. बरगड्यांच्या खालच्या डाव्या बाजूचा वार असेल तर श्वासपटलाला भोक पडलेलं असू शकतं, जे महिनोन् महिने गप्प राहून एक दिवस जठर छातीत ओढतं. तिथं दुर्बिणीतून पाहून घेतात. दारू प्यायलेल्या, बेशुद्ध, धड काही सांगू न शकणाऱ्या माणसाचं पोटही खरं बोलेलच असं नाही. आणि जिथं रात्री सर्जनच नसतो, तिथं थांबून पाहण्याचा हक्कच नाही. तिथून रुग्ण हलवायचा.

कार्नोंना आज वाचवता आलं असतं का? शक्य आहे, खात्री नाही. पोर्टल शिरेची जखम घेऊन ऑपरेशन टेबलापर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं चांगल्या ट्रॉमा केंद्रांतही दगावतात.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं: कोणाच्या पोटात वार झाला तर पातं उपसू नका, बाहेर आलेलं आतडं आत ढकलू नका, ते ओल्या स्वच्छ कापडानं झाका, पाणी पाजू नका, चहा तर नाहीच. १०८ला फोन करा, आणि जिथं सर्जन आणि रक्तपेढी दोन्ही आहेत तिथंच न्या. ‘आधी पोलीस, मग उपचार’ असं कोणी म्हणू लागलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९चा परमानंद कटारा खटल्यातला निकाल सांगा: जखमी माणसावर उपचार आधी, कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे.